२१ जूनला स्वीडनमध्ये साडेअठरा तास ऊन, मग तिकडं आपल्यासारखं तापत का नाही?

बागायतदार_निफाड, २ डिसेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

माझी ताई दोन वर्षांपासून स्टॉकहोमला आहे, भावोजींची नोकरी तिकडं. संध्याकाळी सातला मी बागेतून घरी आलो की आईचा आणि तिचा व्हिडिओ कॉल ठरलेला, तेव्हा तिकडं दुपारचे अडीच वाजलेले असतात. काल बोलता बोलता ताई उठली आणि तिनं घरातले दिवे लावले. मी म्हटलं काय गं, भर दुपारी दिवे? तर म्हणाली आता सूर्य तीनच्या आतच बुडतो. आई जरा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली "अगं, मग पोरं खेळतात कधी?"

आणि हीच ताई जूनमध्ये रात्री पावणेदहाचा फोटो पाठवते, गॅलरीत भाचा उभा आणि त्याच्या तोंडावर सरळ ऊन!

तर प्रश्न असा की दिवस मोठा म्हणजे ऊन जास्त वेळ, ऊन जास्त वेळ म्हणजे उष्णता जास्त, हे आपलं साधं गणित. २१ जूनला ताईकडं साडेअठरा तास सूर्य असतो, आपल्याकडं फार तर तेरा तास वीस मिनिटं. मग तिकडं जूनमध्ये पारा वीस-बावीसलाच कसा काय थांबतो? आणि आपल्याकडं सर्वात मोठा दिवस २१ जून, तर चाळीसचे चटके मे महिन्यातच का? शाळेत अक्षांश, कर्कवृत्त सगळं पाठ केलं होतं पण हे कोडं त्यानं सुटत नाही.

अजून एक. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात. पण मी थंडीत रोज पहाटे बागेत असतो, (पारा पाच-सहावर आला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि ठिबकनं पाणी सोडावं लागतं) आणि मला दरवर्षी असं वाटतं की जानेवारीच्या मध्याला सूर्य डिसेंबरपेक्षाही उशिरा वर येतो. उन्हाची वाट बघत बसलेलो असतो म्हणून भास होतो का खरंच तसं आहे?

आकाशदर्शन_पुणे, २ डिसेंबर

छान प्रश्न आहे दादा. शेवटच्यापासून सुरू करतो कारण तो भास नाही, तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे.

निफाडला २१ डिसेंबरला सूर्योदय साधारण सात वाजून पाच मिनिटांनी होतो आणि संक्रांतीच्या सुमाराला सात वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे सकाळ पाच-सहा मिनिटं मागेच गेलेली असते. पण सूर्यास्त बघा, तो २१ डिसेंबरला सहाला एक मिनिट कमी असताना होतो आणि संक्रांतीला सहा वाजून तेरा मिनिटांच्या आसपास. सकाळी सहा मिनिटं गेली, संध्याकाळी चौदा मिळाली, दिवस एकूण सात-आठ मिनिटांनी मोठा झाला. तीळ वाढतोय, पण संध्याकाळच्या बाजूनं.

याचं कारण असं की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा ती कक्षेत जरा जोरात पळते. त्यात आस कललेली. त्यामुळं डिसेंबरअखेरीस सूर्य आकाशात सगळ्यात वर येऊन परत सगळ्यात वर यायला चोवीस तासांपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागतं. आपलं घड्याळ मात्र चोवीस तासांचंच, म्हणून सूर्याची दुपार रोज अर्धा मिनिट पुढं सरकत जाते आणि तिच्यासोबत सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही सरकतात. आपल्याकडं दिवसाची लांबी मुळातच हळू बदलते म्हणून हे सरकणं पहाटे जाणवतं.

आणि हो, वर जवळ असण्याचा उल्लेख केला म्हणून लगेच सांगतो, ऋतू अंतरामुळं होत नाहीत. जुलैच्या सुरुवातीला आपण सगळ्यात लांब असतो, १५.२ कोटी किलोमीटर. ऋतू होतात ते आस साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर म्हणजे तिरपेपणा. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ मारला तर लहान आणि लख्ख गोल पडतो, तिरपा मारला की तोच उजेड लांबवर पसरतो आणि फिका पडतो. २१ डिसेंबरला भर दुपारी निफाडला सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंश वर असतो, स्टॉकहोमला फक्त सात अंश. तेवढंच ऊन तिकडं सुमारे आठपट जमिनीवर पसरतं, शिवाय हवेच्या सात-आठपट जाड थरातून गाळून येतं. जूनमध्ये पण तिकडं सूर्य डोक्यावर कधीच येत नाही, म्हणून तापत नाही.

किस्ताची_वहिनी, ३ डिसेंबर

मी स्टॉकहोमच्या किस्ता भागात राहते, सात वर्षं झाली. तुमच्या ताईंना सांगा नोव्हेंबर सगळ्यात वाईट, तो गेलाय, आता बरं वाटेल.

तो सात अंशांचा सूर्य म्हणजे काय ते सांगते. मी पाच फूट उंच आहे. डिसेंबरात ऊन पडलं (आठवड्यातून एखाद दिवस पडतं) तर दुपारी पावणेबाराला, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असताना, माझी सावली चाळीस फूट लांब पडते. पार्किंगमध्ये उभं राहिलं की डोकं पलीकडच्या गाडीच्या बोनेटवर. ऊन समोरून सरळ डोळ्यात येतं, डोक्याला लागतच नाही, दिवसभर आपल्या संध्याकाळी पाचसारखं पिवळं ऊन. हात पुढं केला तर ऊब जाणवत नाही, उजेड फक्त.

इथं काळोखाची सगळ्यांनी सोय करून ठेवलेली आहे. पोरांच्या जॅकेटला, दप्तराला रिफ्लेक्टर लटकवलेले असतात, बालवाडीतली पोरं तर पिवळी चमकणारी जाकिटं घालूनच रांगेनं बाहेर निघतात. आणि तुमच्या आईंना सांगा, पोरं अंधारातच खेळतात, मैदानाला मोठे दिवे असतात, थंडी आहे म्हणून कुणी आत बसवत नाही. खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या आणि सात दिव्यांची त्रिकोणी दिवठाण, सगळी गल्ली आपल्या दिवाळीसारखी दिसते. पहिल्या वर्षी मी आमचा आकाशकंदील उतरवलाच नाही, शेजारणीला वाटलं मी त्यांच्यासारखीच चांदणी लावलीय.

१३ डिसेंबरला इथं लुसिया असते. पहाटे अंधारात मुली पांढरे झगे घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन गाणी म्हणत येतात. मी शेजारच्या आजींना विचारलं की सगळ्यात लांब रात्र तर २१ ला, मग हे तेराला कसं? तर त्या म्हणाल्या पूर्वीच्या कॅलेंडरात सगळ्यात लांब रात्र तेराच्या आसपासच यायची, १७५३ मध्ये स्वीडननं कॅलेंडर बदललं, पण सणाची तारीख लोकांनी सोडली नाही. मला लगेच आपली संक्रांत आठवली, आपण पण उत्तरायण म्हणतो आणि ते येतं जानेवारीत.

जूनमध्ये उलट कसरत. रात्री दहा वाजून आठ मिनिटांनी सूर्यास्त, साडेतीनला उजाडलेलं, मधे पण पूर्ण अंधार होतच नाही, निळसर सांजवेळ रात्रभर. आपल्याकडं सूर्य खड्या वाटेनं खाली जातो, वीस-पंचवीस मिनिटांत दिवेलागण उरकते. इथं तो क्षितिजाला घासत घासत जातो. माझी पाच वर्षांची लेक खिडकीत उभी राहून म्हणते "आई, सूर्य झोपला नाही, मी का झोपू?" जाड काळे पडदे नसतील तर ताईंना आत्ताच घ्यायला सांगा.

सांगलीच्या_बाई, ३ डिसेंबर

मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आकाशदर्शन यांचं डिसेंबरचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. जूनचं मात्र नाही, आणि हे आपण वर्गात वर्षानुवर्षं अर्धवट सांगत आलो, मीसुद्धा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. वातावरणाच्या वर, ढग-धुळीच्या भानगडीआधी, जमिनीला समांतर एक चौरस मीटर तुकड्यावर चोवीस तासांची सरासरी काढली तर किती ऊन येतं? २१ जूनला निफाडला साधारण ४५५ वॅट येतं आणि स्टॉकहोमला साधारण ४७५ वॅट!

म्हणजे दादा, तुमचं साधं गणित चुकलेलं नाही. त्या एका दिवशी स्टॉकहोमला निफाडपेक्षा थोडं जास्तच ऊन मिळतं. दुपारी तिकडं सूर्य ५४ अंशांवर असतो, आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर, त्यामुळं दुपारच्या तासाला त्यांना पाचवा हिस्सा कमी मिळतं, पण पाच तास जास्त मिळाल्यावर ती तूट भरून वर थोडं उरतं. उत्तर ध्रुवावर तर २१ जूनला ५२० च्या वर जातं आणि विषुववृत्तावर ३८५. तरी ध्रुवावर बर्फ असतोच.

आता २१ डिसेंबर बघा. निफाड २९५. स्टॉकहोम २८. अठ्ठावीस! दहापटीनं कमी. खरी मेख इथं आहे.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून विहिरीचं उदाहरण देते. निफाडची विहीर वर्षभर कधी आटतच नाही, हिवाळ्यात पाणी जरा खाली जातं एवढंच. स्टॉकहोमची विहीर सप्टेंबरपासून उपसा सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत तळाला जाते. मग एप्रिल-मेपासून धो-धो पाणी आत येतं, पण ते आधी तळ भरण्यात जातं. साचलेला बर्फ वितळवायचा (ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांच्या वर ऊन तसंच परत फेकतो), गोठलेली जमीन सोडवायची, तळी आणि बाल्टिक समुद्र गरम करायचा. पाणी तापायला फार उष्णता खातं. त्यात अटलांटिककडून आणि उत्तरेकडून गार वारे येत राहतात. शिवाय त्या साडेअठरा तासांतले सकाळ-संध्याकाळचे बरेच तास सूर्य खालीच असतो, ते ऊन जाड हवेतून येताना वाटेत बरंच मरतं. म्हणून २१ जूनला आवक सगळ्यात जास्त असूनही पारा विशीतच. आवक खर्चापेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढत राहतो, त्यामुळं तिकडचा सगळ्यात गरम महिना जुलै आणि समुद्र सगळ्यात कोमट ऑगस्टमध्ये.

वहिनी, संक्रांतीचं छान आठवलंत. परिणाम सारखा पण कारण वेगळं. लुसियाचं जुन्या कॅलेंडरमुळं, लीप वर्षाचा हिशोब जरा चुकत होता म्हणून. आपली संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं ठरलेली. पण पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी सावकाश डुलते, एका फेरीला साधारण २६,००० वर्षं, दर ७२ वर्षांना एक अंश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि सगळ्यात लहान दिवस एकत्र येत होते, आता चोवीस अंशांचा फरक पडलाय, म्हणून चोवीस दिवस. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं.

आकाशदर्शन_पुणे, ३ डिसेंबर

बाई, जूनच्या बेरजेचा विचारच केला नव्हता. मी पण आत्ता करून बघितलं, तुमचे आकडे जुळतात. माझं जूनचं वाक्य मागे घेतो.

ऑरेंजसिटी, ३ डिसेंबर

मे महिन्याचं आम्ही सांगतो, कारण तपन काय असते ते आम्हाला विचारा भाऊ.

आपला पूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली येतो. म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षात दोनदा जाते, एकदा उत्तरेकडे जाताना अन् एकदा परत येताना. त्या दिवशी दुपारी उभ्या वस्तूची सावली पायातच गायब, शून्य सावली. कोल्हापूरला ७ मेच्या आसपास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५, तुमच्या निफाडला २०-२१ मे, अन् आमच्या नागपूरला २६ मे. आता पहा ना, आमच्याकडे नवतपा केव्हा राहते? २५ मेला सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस. म्हाताऱ्या माणसांनी शून्य सावली हा शब्द ऐकला नसेल पण नवतपा त्यांना पक्का माहीत, अन् दोन्ही एकाच आठवड्यात येतात.

मे महिन्यात आभाळ कोरडं, जमीन कोरडी, झाडाला पान नाही, जेवढं ऊन पडते तेवढं सगळं जमीन अन् हवा तापवण्यातच जाते. पारा ४३-४५. घरात डेझर्ट कूलर, खिडकीला वाळ्याचे पडदे, दुपारी सीताबर्डीत माणूस दिसत नाही. मग जूनच्या मध्यावर मान्सून येते. २१ जूनला दिवस सगळ्यात मोठा राहते हे खरं, पण वर ढगाचं छप्पर अन् खाली ओली जमीन. ऊन येते त्यातलं बरंच पाणी वाळवण्यात जाते. दोन हप्त्यांत दहा अंश खाली. बाईंच्या भाषेत सांगायचं तर विहीर भरायच्या आधीच झाकण पडते. जुलैत १६-१७ तारखेला सूर्य परत आमच्या डोक्यावर येते, पण कुणाला पत्ता लागत नाही, ढगाच्या वर असते ना तो. ढग गेले की ऑक्टोबरला परत एकदा थोडी तपन होते, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे उतरलेला राहते म्हणून मेसारखी नाही.

लोथियन_रोड, ४ डिसेंबर

थोडं समुद्राबद्दल. मी एडिंबराला आहे, ५६ अंश उत्तर. मॉस्को पण जवळजवळ त्याच अक्षांशावर. दोन्हीकडं डिसेंबरात सात तासांचा दिवस, जूनमध्ये साडेसतरा तासांचा, दुपारचा सूर्य पण सारख्याच उंचीवर. पण जानेवारीची सरासरी इथं चार अंशांच्या आसपास आणि मॉस्कोला शून्याखाली सहा-सात. उन्हाळ्यात उलटं, जुलैत मॉस्को एकोणीस-वीस, आम्ही पंधरा. आमच्याभोवती समुद्र, तो हिवाळ्यात ऊब सोडतो आणि उन्हाळ्यात गारवा. त्यामुळं अक्षांशावरून दिवस किती तासांचा हे मिनिटात सांगता येतं, पण स्वेटर किती जाड लागेल हे नाही. आपल्याकडंही बघा, मुंबई आणि निफाडच्या अक्षांशात जेमतेम एक अंशाचा फरक, पण डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांचा फरक पडू शकतो.

आणि ताईंना ड जीवनसत्त्वाचं नक्की सांगा. इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळं त्वचेत ते तयार होईल असं ऊनच मिळत नाही, आपल्या सावळ्या कातडीला तर अजून जास्त वेळ लागतो. ब्रिटनमध्ये सरकारी सल्लाच आहे की हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा. स्वीडनमध्ये किती घ्यायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा.

मेलबर्नकर, ४ डिसेंबर

आमच्याकडं सगळंच उलटं. आता उन्हाळा सुरू झालाय, संक्रांतीला तिळगूळ गरमीनं हाताला चिकटतो. सवय व्हायला सगळ्यात वेळ लागला तो दिशेचा, दुपारी सूर्य उत्तरेला असतो, घर घेताना लोक उत्तरेचं ऊन आहे का विचारतात. दिवाळीत रात्री आठपर्यंत उजेड असतो, पणत्या लावायला थांबावं लागतं, पोरं कंटाळून विचारत राहतात झालं का अंधार.

बागायतदार_निफाड, ४ डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं विहिरीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, तिला लगेच पटलं. म्हणाली मग फेब्रुवारीतच तिथं जास्त जपायला हवं, विहीर तेव्हा तळाला असते.

ऑरेंजसिटी भाऊ, ते झाकणाचं पण आता कळलं. आमच्याकडं मृगाचा पाऊस आला की दोन दिवसांत हवा बदलते ते सगळे बघतात, पण तेव्हा दिवस अजून मोठाच होत असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता एक धंद्यातला प्रश्न. ताईनं तिकडं भाजीपाल्यासाठी छोटा तुकडा भाड्यानं घेतलाय, तिला घरच्या कांद्याचं बी पाहिजे. उन्हाळ कांद्याचं, एन २-४-१ जातीचं. पाठवू का? एवढे मोठे दिवस म्हणजे कांदा चांगला पोसेल ना?

कांदा_लसूण_मिरची, ५ डिसेंबर

नका पाठवू दादा, मेहनत वाया जाईल. मी बियाण्याच्या कामात आहे.

कांदा दिवसाची लांबी मोजतो. पात वाढवायची का गड्डा भरायचा हे तो बऱ्याच अंशी दिवस किती तासांचा झालाय त्यावर ठरवतो, तापमानाचा पण हात असतो. आपल्या पोळ (खरीप), रांगडा (उशिरा खरीप), उन्हाळ (रब्बी) सगळ्या जाती लहान दिवसाच्या, दहा ते बारा तासांचा दिवस मिळाला की गड्डा धरतात. स्टॉकहोमला जमीन मोकळी होते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा दिवस आधीच चौदा-सोळा तासांचा झालेला असतो. तुमचं बी उगवेल, चार पाती काढेल आणि त्याला वाटेल वेळ झाली, लगेच गड्डा धरून मान टाकेल. लिंबाएवढा कांदा. पात कमी म्हणजे अन्न बनवणारं कमी, मग गड्ड्यात भरणार काय?

उलट तिकडचं बी तुम्ही निफाडला लावलंत तर त्याला चौदा तासांच्या वर दिवस लागतो, तो आपल्याकडं २१ जूनला पण होत नाही. नुसती पात वाढत राहील, जाड मान, खाली काहीच नाही. एका भागातलं बी दुसऱ्या भागात चालत नाही असं जुने लोक म्हणायचे त्यातला बराच भाग हा अक्षांशाचाच असतो. शेवंतीवाले बघा ना, पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून झाडाला दिवस मोठा आहे असं भासवतात म्हणजे कळी थांबते, मग काळं प्लॅस्टिक ओढून रात्र लांबवतात म्हणजे फुलं एकदम येतात.

ताईंना सांगा तिथल्याच दुकानातून मोठ्या दिवसाच्या जातीचे छोटे कांदे मिळतात ते लावा, ऑगस्टमध्ये काढा. मेथी, कोथिंबीर पाठवायची तर बियाणं परदेशात पाठवायचे नियम आधी बघा. तीही मोठ्या दिवसात लवकर फुलावर येतात, त्यामुळं थोडी थोडी परत परत पेरायला सांगा.

सांगलीच्या_बाई, ५ डिसेंबर

दादा, एक करून बघा. तुम्ही आणि ताई एकाच दिवशी, आपापल्या गावी सूर्य सगळ्यात वर असताना, एक मीटरची सरळ काठी सपाट जागेवर उभी करा आणि सावली मोजा. २२ डिसेंबर घ्या. तुमच्याकडं साधारण साडेबारा, ताईकडं पावणेबारा. दहा मिनिटं आधीपासून खुणा करत राहा, सगळ्यात आखूड सावली ती खरी.

बागायतदार_निफाड, २३ डिसेंबर

केलं! काल इथं स्वच्छ होतं, खळ्यावर शेणानं सारवलेल्या जागेत ओळंबा लावून काठी उभी केली, आई खडूनं खुणा करत होती. बारा पंचवीसपासून बारा चाळीसपर्यंत बघितलं, सगळ्यात आखूड सावली ९६ सेंटीमीटर.

ताईकडं काल दिवसभर ढग. आज ऊन पडलं. ती, भावोजी आणि भाचा इमारतीमागच्या पटांगणात गेले, बर्फ बाजूला केला, सावली इतकी लांब की टेप पुरेना, दोनदा लावून मोजली, सात मीटर ऐंशी. टोक पुसट होतं म्हणे, पाच-दहा सेंटीमीटर इकडं तिकडं असेल. एका दिवसानं काही बिघडलं नाही ना?

मोबाइलवर कोन काढला. माझा ४६.२ अंश, ताईचा ७.३. फरक ३८.९. मग नकाशात बघितलं, निफाड २०.१ उत्तर, स्टॉकहोम ५९.३ उत्तर, फरक ३९.२. दोन काठ्या आणि एक खडू, एवढ्यावर पाव-अर्ध्या अंशापर्यंत आलो. आई ताईला म्हणाली, म्हणजे तू आमच्यापासून एकोणचाळीस अंश लांब आहेस, आणि ताईचे डोळे भरून आले.

आता २० मेला परत करणार. तेव्हा इथं सावली दिसणारच नाही, पण ताईकडं किती पडेल?

सांगलीच्या_बाई, २३ डिसेंबर

एका दिवसानं काही फरक पडत नाही, या आठवड्यात सूर्याची उंची जवळजवळ हलतच नाही.

२० मेला ताईकडं सूर्य पावणेएक्कावन्न अंशांवर असेल, काठीची सावली साधारण ८२ सेंटीमीटर. म्हणजे तुमच्या कालच्या सावलीपेक्षा आखूड. तेव्हा त्यांचं घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढं केलेलं असेल, म्हणून तिला पावणेएकच्या आधी दहा मिनिटं बाहेर यायला सांगा.